नॉर्मल नंबर एक

आमच्या प्रयोगशाळांमध्ये निरोगी माणूस कुठून आणतात हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आजारी माणसं रांग लावून येतात, त्यांना शोधावं लागत नाही. पंचाईत होते ती निरोगी माणसाची. आपली नडगी यंत्रात घालून तासभर न हलता बसायची त्याला काय हौस? मग आम्ही घरचा माणूस धरून आणतो. नवरा, मेहुणी, शिपाई, शिपायाचा चुलतभाऊ. शोधनिबंधात त्यांची नावं येत नाहीत, 'निरोगी स्वयंसेवक' असा भारदस्त शब्द येतो. एकाच खानदानाच्या रक्तावर जगाचे नियम ठरवलेले कितीतरी निबंध मी वाचलेत. त्यातला एक मी लिहिलेलाही आहे.

माझा निरोगी स्वयंसेवक म्हणजे अभिनंदन मगदूम. तेव्हा वय अडतीस, मिरजेतल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक, आणि माझा नवरा. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत त्याला एकदाही ताप आलेला मी पाहिला नव्हता. सर्दी झाली तर ती मला व्हायची. असा माणूस घरात असताना निरोगी माणूस शोधायला मी बाहेर कशाला जाऊ?

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. हाड म्हटलं की लोकांना आठवतो तो शाळेच्या कपाटातला सांगाडा, कोरडा आणि पांढरा. जिवंत हाड तसं नसतं. ते ओलं असतं, गुलाबी असतं आणि आतून रक्ताने भरलेलं असतं. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्यातला मोठा वाटा हाडांकडे जातो. हाडाच्या मगजात केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. नव्या रक्तपेशी तिथेच तयार होतात आणि वाहिन्यांच्या भिंतींतल्या फटींतून अंग चोरून प्रवाहात शिरतात. हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं, पण जिवंत माणसात ते नीट पाहिलेलं कुणी नव्हतं. पाहायचं तर हाडाला भोक पाडावं लागे, आणि भोक पाडलं की जे पाहायचं तेच बिघडून जाई.

आम्ही पाहायचा नाद सोडला आणि ऐकायला लागलो. नडगीच्या पुढच्या अंगाला हाडावर नुसती कातडी असते, मध्ये मांस नसतं. तिथून प्रकाशाचे बारीक ठोके आत सोडायचे. लाल पेशी तो प्रकाश शोषते, कणभर तापते, कणभर फुगते आणि फुगताना आवाज करते. तो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, पण नडगीभोवती बांधलेल्या पट्ट्यातल्या चकत्यांना येतो. असे लाखो आवाज जुळवले की पडद्यावर हाडातलं रक्त वाहताना दिसतं. कागदावर आम्ही यंत्राचं नाव 'अस्थिश्रवण' ठेवलं होतं. लोकांनी पहिल्याच शिबिरात त्याचं 'नडगीचं मशीन' करून टाकलं.

यंत्राला आधी निरोगी हाड कसं वाहतं ते शिकवायचं होतं. यंत्राला मान्यता देणारी तपासणी समिती महिनाअखेर येणार होती. गणपतीच्या सुट्टीमुळे आमचं संशोधन केंद्र ओस पडलं होतं, म्हणून मी अभिनंदनला रोज दुपारी तासभर आणून बसवलं. पण गणपतीचे दिवस तेच आमच्या जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दिवस. अभिनंदन ते दहा दिवस एकदाच जेवायचा आणि उकळलेलं पाणी प्यायचा, तेही दिवस मावळायच्या आत. लग्नाआधीपासून त्याचा हा नेम होता.

चौथ्या दिवशी मला पडद्यावर एक गोष्ट दिसली. वाहता वाहता रक्त एखाद्या बारीक वाहिनीच्या तोंडाशी क्षणभर थांबायचं, मग पुढे सरकायचं. मी त्याला 'थबक' म्हणायला लागले. मिनिटाला चौदा थबका.

"तुझं रक्त घट्ट झालंय उपवासानं," मी म्हणाले.

"छ्या. उपवासानं मला काय होत न्हाई. पंचवीस वर्षं करतोय."

"तू गप्प बस. नॉर्मल माणसानं बोलायचं नसतं."

तो हसला आणि गप्प बसला. बाकीचे दहा स्वयंसेवक नंतर आले. दोन टेक्निशियन, माझी जाऊ, तिचे भाऊ, असेच सगळे. त्यांच्यात मिनिटाला तीन-चारच थबका होत्या. पण ते येताना चहा-पोहे हाणून आलेले. साखर आपण उपाशीपोटीच तपासतो ना? तेव्हा उपाशीपोटीचं माप तेच खरं माप, असं मी ठरवलं. शिवाय अभिनंदनच्याच दहा दिवसांच्या सलग नोंदी माझ्याकडे होत्या, बाकीच्यांच्या एकेक तासाच्या. म्हणून यंत्राची मूळ रेघ त्याच्या हाडावरून आखली. पर्व संपल्यावर, पोटभर जेवल्यावर, त्याला आणखी एकदा बसवायचं मनात होतं. एका तासाचं काम होतं. समिती आली, तिच्या जेवणाखाण्याची धावपळ झाली आणि ते राहून गेलं.

ते राहून गेलं, असं मी आजही म्हणते. खरं तर मी ते केलं नाही.

यंत्र प्रत्येक नडगीची त्या मूळ रेघेशी तुलना करायचं आणि शंभरपैकी गुण द्यायचं. जेवढं साम्य जास्त तेवढे गुण जास्त. निरोगी माणसाला साधारण अठ्ठ्याऐंशी-नव्वद पडायचे. सत्तरच्या खाली लाल दिवा. आणि यंत्र चालत होतं बरं का! रक्ताचा कर्करोग मगजात पाय पसरायला लागला की पडद्यावरचा प्रवाह एवढा बदलायचा की यंत्र दोन-दोन वर्षं आधी ओरडायचं. खुब्याचं हाड मरायला लागलेलं कळायचं. आठ वर्षांत आमच्या भागातल्या तीन लाख ऐंशी हजार नडग्या मोजल्या गेल्या. चार हजारांवर माणसं त्यामुळे वाचली, आणि हा आकडा फुगवलेला नाही.

बाकी जे व्हायचं ते झालंच. तालमीतले वस्ताद पोरांना घ्यायच्या आधी नडगी विचारायला लागले. वधूवर मेळाव्याच्या पुस्तिकेत रंग, उंची, पगार यांच्याखाली 'नडगी ९५+' असा रकाना आला. एका साखर कारखान्याने सत्त्याण्णवच्या वरच्या कामगारांचा नारळ आणि टॉवेल देऊन सत्कार केला. मी प्रमुख पाहुणी होते.

अभिनंदनला तर त्याचा कोण अभिमान! हाडाचं माप म्हणून त्याच्या नोंदींवरून बनवलेली एक कृत्रिम नडगी प्रत्येक यंत्रासोबत जायची, त्यामुळे त्याला पुन्हा मोजायची कधी गरजच पडली नाही. पाहुण्यांत कुणी आपले गुण सांगितले की तो पाय पुढे करून म्हणायचा, "ह्या नडगीवरनं मोजलंय तुम्हाला." मी त्याला 'नॉर्मल नंबर एक' म्हणायचे. चारचौघांत अहो-जाहो आणि घरात नॉर्मल नंबर एक.

मधल्या काळात कधीतरी तो म्हणाला, "जिन्यावर दम लागतोय गं हल्ली."

"तुला दम लागत असेल तर तेच नॉर्मल. बाकीच्यांनी आपला दम वाढवावा," मी म्हणाले. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पुढे त्याने खो-खो शिकवताना स्वतः पळणं बंद केलं. रविवारी दुपारी झोपायला लागला. मी त्याला आळशी म्हटलं, म्हातारा म्हटलं, निवृत्तीचा अर्ज टाइप करून देऊ का असंही विचारलं. विनोद सुचायला मला कधी वेळ लागत नाही. सहाव्या-सातव्यांदा त्याने सांगणंच सोडून दिलं.

मग वैजयंता शिंत्रे नावाच्या बाईची फाइल माझ्या टेबलावर आली.

जयसिंगपूरची, वय चव्वेचाळीस. प्लीहा वाढून ओटीपोटापर्यंत उतरलेली. मगजाचा तुकडा काढून तपासला तर मगज उरलाच नव्हता, नुसते चिवट पांढरे तंतू. हा आजार सावकाश चालतो. वाहिन्यांभोवती तंतू जमत जातात, रक्त तयार व्हायची जागा आक्रसते आणि दहा-बारा वर्षांत माणूस संपतो. आता त्यावर एक औषध आहे. तंतू मऊ असतात तोवर, म्हणजे पहिल्या तीनेक वर्षांत, ते दिलं तर माणूस बरा होतो. तंतू एकदा कडक झाले की काही उपयोग नाही. वैजयंताचे कधीच कडक झाले होते. सोबत तिचा चार वर्षांपूर्वीचा आमचा रिपोर्ट जोडलेला होता. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी त्यावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

गुण होते शंभर.

तीन लाख ऐंशी हजारांत शंभर कुणालाच पडलेले मला ठाऊक नव्हते. मी तिच्या नोंदी काढून पडद्यावर मूळ रेघेवर ठेवल्या. दोन रेघा दिसेनात, एकच दिसायला लागली. मिनिटाला चौदा थबका.

मी उठून पाणी प्यायले. परत येऊन सत्त्याण्णवच्या वरचे सगळे काढले. एक हजार एकशे त्रेचाळीस जण, सगळे अभिनंदनसारखे. नव्वद गुणवाले निरोगी होते, शंभराला टेकलेले आजारी होते, आणि आम्ही आजाऱ्यांना नारळ दिले होते.

*

रविवारी मी अभिनंदनला केंद्रात घेऊन गेले. यंत्राची दुरुस्ती झालीय, एकदा बसून बघ, असं खोटंच सांगितलं. त्याने सवयीने मोजा काढला, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि नडगी पट्ट्यात दिली. आठ वर्षांत नडगी केवढी बारीक झाली होती! रोज घरात दिसणारा पाय, आणि मी तो त्या दिवशी पाहिला.

एकोणसाठ. लाल दिवा. मिनिटाला एकतीस थबका.

"बिघडलंय की मशीन तुझं," तो म्हणाला. "मलाच लाल दाखवतंय!"

"बिघडलेलं नाही."

मी सांगायला लागले. तंतू, वाहिन्या, वैजयंता, शंभर गुण, सगळं एका दमात सांगितलं. शिकवताना जसं बोलते तसंच बोलत होते आणि स्वतःचाच आवाज ऐकून मला शिसारी येत होती. तो पट्ट्यातला पाय तसाच ठेवून ऐकत होता.

"म्हंजे तवाच होतं?"

"तेव्हाच. सुरुवात होती."

"औषध तवा निघालं होतं?"

"निघालं होतं. त्याच वर्षी."

"आणि तू बघितलं होतंस. ते रक्त थांबतंय ते."

"बघितलं होतं."

"मी म्हटलेलं तुला, उपवासानं मला काय होत न्हाई म्हणून."

"म्हटलं होतंस."

त्याने पाय काढून घेतला. मोजा घालायला त्याला बराच वेळ लागला. मी मदतीला वाकले तर त्याने माझा हात बाजूला केला. बारा अधिक आठ, वीस वर्षांच्या संसारात त्याने माझा हात असा पहिल्यांदा बाजूला केला.

घरी आम्ही दोघंच. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवायचा, शाळेत जायचा, परत यायचा. त्याने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडायचे आणि तो बाहेर पेपर वाचायचा, पान न उलटता. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्याने विचारलं, "किती दिवस हायत?"

"दोन वर्षं. जास्तीत जास्त तीन."

"आणि माझ्यासारखे किती जण?"

"अकराशे त्रेचाळीस."

"त्यातलं कोण वाचंल?"

"गेल्या तीन वर्षांत मोजलेले दोनशे बारा आहेत. त्यातले काही. लगेच औषध सुरू केलं तर."

"मग हितं काय करतीयास? जा की."

आमचे संचालक डॉ. रणदिवे. यंत्र माझं असलं तरी ते गावोगाव पोचवलं त्यांनी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आलेख नीट पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्रिशला, हे बाहेर गेलं तर काय होईल माहीत आहे? उद्या कर्करोगाचा लाल दिवा लागलेला माणूससुद्धा म्हणेल, मशीनच खोटं आहे, आणि घरी बसेल. वर्षाला पाचशे जीव वाचतात या यंत्रामुळे. ते कोण वाचवणार?"

"आणि हे दोनशे बारा?"

"सहा महिने दे मला. चारशे नवे स्वयंसेवक घेऊ, नातेवाईक एकही नाही. नवी मूळ रेघ आखू, सुधारित आवृत्ती म्हणून बसवू आणि सगळ्यांना नेहमीच्या तपासणीला म्हणून परत बोलावू. बोभाटा न करता."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, अडचण तीच होती. पण सहा महिन्यांत मऊ तंतू कडक होतात, आणि एका तासाचं काम पुढे ढकललं की काय होतं ते मी घरी रोज बघत होते. मी यादीची प्रत काढली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन लावायला बसले. आठवड्याभरात बातमी फुटली. मला निलंबित केलं, ओळखपत्र आणि शिक्का काढून घेतला, चौकशी समिती नेमली.

रणदिवे म्हणाले होते तसंच झालं. कवठेमहांकाळचा एक तरुण शिक्षक कर्करोगाचा लाल दिवा लागूनही औषधाला आला नाही. मशीनवर भरवसा नाही, म्हणाला. तीन महिन्यांनी तो गेला. त्याच्या बायकोचं पत्र माझ्याकडे आहे.

आणि ज्यांना मी फोन करत होते त्यांचा तर त्या मशीनवर देवासारखा भरवसा होता. "आमच्या ह्यांना नव्व्याण्णव हायत. तुमचे किती हायत?" एका बाईने मला विचारलं. माझे एकोणनव्वद. तिने फोन ठेवून दिला. एका घरातून सासऱ्यांनी धमकी दिली, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, पुन्हा फोन केलात तर पोलिसात जाईन. दोनशे बारांपैकी एकशे तीस जण कसेबसे तपासणीला आले. त्यातल्या सव्वीस जणांचे तंतू अजून मऊ होते.

सव्वीस. लोक मला सांगतात, अहो, सव्वीस तर वाचले! वाचले, खरं आहे. मी मनात दोनशे बारांतून सव्वीस वजा करत राहते.

उरलेल्या नऊशे एकतीस जणांबद्दल चौकशी समितीने लेखी मत दिलं. ज्यांना सांगून वैद्यकीय उपयोग नाही, त्यांना सांगू नये, नाहक घबराट पसरते. मला ते पटलं. अगदी खरं सांगायचं तर मी सुटले असं वाटलं. ते पत्र मी अभिनंदनला वाचून दाखवलं. तोवर त्याने शाळा सोडली होती. डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागायला लागली होती. जेवण दोन घासांवर आलं होतं.

"आपण जायचं," तो म्हणाला.

"कशाला? आपल्याकडे द्यायला काय आहे?"

"नॉर्मल नॉर्मल म्हणून आठ वर्षं सांगितलं त्यास्नी. त्या नॉर्मलचं तोंड तरी बघू दे."

मी त्याला नाही म्हणू शकत नव्हते. तो हक्क मी घालवून बसले होते.

*

आठवड्यातून दोन दिवस आम्ही जायचो. गाडी मी चालवायची, तो शेजारी यादी घेऊन बसायचा. कुणी शिव्या दिल्या, कुणी सरबत दिलं. एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सरकारकडून काही मिळणार आहे का. बहुतेक ठिकाणी बोलायचं काम अभिनंदनच करायचा. मी आजार समजावून सांगायचे आणि तो शेवटी पाय पुढे करून म्हणायचा, "तुमच्या रिपोर्टातला नॉर्मल म्हंजे मी."

मार्च महिन्यात आम्ही सावळजला गेलो. यादीत नाव होतं काजल शिरतोडे, वय एकोणचाळीस, सहा वर्षांपूर्वीचे गुण अठ्ठ्याण्णव. घर रस्त्यालगतच होतं. पलीकडे बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं सुकत घातली होती आणि सगळीकडे गोडसर वास होता. काजल शेडमधूनच आली, पदराला हात पुसत. आमच्यापर्यंतच्या दहा पायऱ्या चढताना ती मध्ये एकदा थांबली. मी आणि अभिनंदनने एकमेकांकडे पाहिलं.

"बसा की मॅडम. सासू-मामी शेतात गेल्यात, हे टेम्पो घेऊन गेल्यात सांगलीला. चहा टाकू?"

"चहा नको. तुमच्याशीच बोलायचंय," मी म्हणाले.

ती खाली फरशीवर बसली, भिंतीला टेकून. मी सांगितलं. इतक्या घरांत सांगून आता माझी वाक्यं ठरून गेली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"म्हंजे मशीन चुकलं. मला आजार हाय."

"हो."

"कवापासनं?"

"सहा वर्षांपूर्वी तुम्हाला मोजलं तेव्हाही होता."

"बरा हुईल?"

इथे मी नेहमी थोडं आडवळणाने बोलायचे. पण अभिनंदनच म्हणाला, "न्हाई, ताई. माझाबी होणार न्हाई. तुमच्या रिपोर्टातला नॉर्मल म्हंजे मी."

तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या खांद्यांकडे, फुगलेल्या पोटाकडे, बारीक झालेल्या पायाकडे. आता ती रडेल किंवा आम्हाला हाकलून देईल, असं मला वाटलं. ती हसली. तोंडावर पदर धरून हसली आणि हसता हसताच तिला दम लागला.

"म्हंजे मी नाटकं करत न्हवते," ती म्हणाली.

"काय?"

"सहा वर्सं झाली मॅडम. मला शेडवर काम हुईना. चार जाळ्या भरल्या की डोळ्यापुढं अंधारी यायची. जिना चढवंना. मी म्हटलं दवाखान्यात जाऊया. तर मामी त्यो रिपोर्ट आणून दाखवायच्या. अठ्ठ्याण्णव हायत तुला, सगळ्या गल्लीत तुला जास्त हायत, आणि तूच झोपून ऱ्हातीस? कामचुकार हायस. हेबी तसंच म्हणायला लागले. एकदा म्हायेरी आईला सांगितलं तर आईनं बी रिपोर्टच इचारला." तिने डोळे पुसले. "मग मलाबी वाटाय लागलं, आपणच आळशी हाय. मुद्दाम करतोय आपण. रोज सकाळी उठून मी स्वतःलाच शिव्या घालत हुते."

मी तिच्याशेजारी फरशीवर जाऊन बसले.

"मॅडम, हे लिहून द्या मला. तुमच्या सहीनं. शिक्का मारून द्या."

"शिक्का माझ्याकडे नाही. काढून घेतलाय."

"असू दे. सही करा नुसती. मामीला दाखवायचंय. आणि ह्यास्नी बी." ती आत जाऊन मुलीच्या वहीतलं एक पान फाडून घेऊन आली. मी लिहिलं, की काजल शिरतोडे यांचा रिपोर्ट यंत्रातल्या चुकीमुळे निरोगी आला होता, त्यांना त्या वेळेपासून हाडाच्या मगजाचा आजार आहे. तिने दोनदा वाचलं.

"त्यात घाला, हिला काम हुत न्हवतं ते खरं हुतं म्हणून."

मी तेही घातलं आणि सही केली. तिने पान चौघडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. मग उठून खरंच चहा केला, आणि आम्ही तो प्यायलो. किती दिवस राहिलेत, हे तिने विचारलंच नाही. निघताना ती पायऱ्यांपर्यंत आली. अभिनंदन तिला म्हणाला, आता शेडवर जाऊ नका. ती म्हणाली, आज न्हाई जात.

गाव मागे पडलं. यादीतल्या पुढच्या नावासाठी मणेराजुरीकडे वळायचं होतं. वळणाच्या अलीकडे तो म्हणाला, "जरा थांबव गाडी."

मला वाटलं, त्याला उलटी होतेय. मी गाडी कडेला घेतली. त्याने यादीच्या मागचा एक कोरा कागद काढून माझ्यापुढे धरला.

"मलाबी एक लिहून दे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक विनोदाला हसलेला माणूस माझ्यापुढे कागद धरून बसला होता, आणि त्याला माझ्याकडून औषध नको होतं, माफीही नको होती. मी कागद स्टिअरिंगवर ठेवला. अक्षर वेडंवाकडं येत होतं. 'अभिनंदन आप्पासाहेब मगदूम यांना जिना चढताना दम लागत होता. ते खरं सांगत होते.' खाली सही केली.

"तारीख घाल," तो म्हणाला.

"आजची?"

"न्हाई. मी पयल्यांदा सांगितलं तवाची."

मी पेन धरून बसले. मला ती तारीख आठवेना. महिना आठवेना, वर्षही आठवेना. तो माझ्या हाताकडे बघत थांबला होता.